शेवटच्या फेरीचा निळा

शेजाऱ्याने गाडी घेतली, साडूने घरावर मजला चढवला, तरी माझ्या भावोजींनी कधी ढुंकून पाहिलं नाही. त्यांच्या पोटात दुखायचं ते एकाच माणसामुळे. परदेशातली एक बाई, जेमतेम महिनाभराची ओळख.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चित्रकारांचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात ते दळाईवर होते. रंगाची पूड आणि जवसाचं तेल एकत्र करून तीन रोलरांमधून पुन्हा पुन्हा काढायचं, लोण्यासारखं होईपर्यंत. मग सुरीच्या टोकाने थोडा रंग काचेवर ठेवायचा आणि सुरी अलगद वर उचलायची. रंगाची शेंडी ताठ राहिली तर माल पास, वाकली तर परत रोलरवर. भावोजींनी मान हलवल्याशिवाय एक ट्यूब भरली जात नसे. माझं चित्रकलेच्या सामानाचं दुकान आहे, आणि त्या ट्यूबा मी डोळे मिटून विकत आलो.

मग मालकांना परदेशात स्वस्त पडेल असं दिसलं आणि दळाई तिकडे हलवायचं ठरलं. तिकडून एक बाई काम शिकायला आली. शिकवणार कोण? भावोजीच. आपल्याच ताटातला घास काढून दुसऱ्याला भरवायचा, वर तो नीट चावला का ते बघायचं. त्यांनी तिला लाल शिकवला, पिवळा शिकवला, पांढराही शिकवला. निळा मात्र शिकवला नाही. निळा जास्त दळला की मरतो, म्हणून शेवटच्या फेरीला रोलर जरासे सैल करावे लागतात. ही खुबी भावोजींनी स्वतः शोधलेली. निळ्याच्या दिवशी त्यांनी तिला पलीकडच्या खोलीत ट्यूबा भरताना बघायला पाठवलं आणि रोलर सैल करायची किल्ली खिशात टाकली.

"करू दे तिकडे जाऊन निळा," मला सांगताना ते हसत होते. "बघू कसा होतो."

बाई गेली, तिच्यामागोमाग रोलर गेले. भावोजींना गोदामात बसवलं. तिकडून येणारी खोकी उतरवून घ्यायची, म्हणजे तिनेच बनवलेला माल मोजायचा. नाकाला मिरच्या झोंबायला आणखी काय हवं? घरी जेवताना तीच, झोपताना तीच. एकदा ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "खरं सांग, ती दिसायला कशी होती?"

"ताई, हे प्रेम नाही. हा जळफळाट आहे."

"माझ्यासाठी तर एवढे कधी जळले नाहीत," ताई म्हणाली, आणि तीही त्या बाईवर जळायला लागली.

लवकरच माझ्याकडे तक्रारी सुरू झाल्या. झाकण काढलं की आधी नुसतं तेल यायचं. लाल सुकल्यावर विटकरी दिसायचा, पिवळ्यात खडूसारखी कणी लागायची. गिऱ्हाईक ट्यूबवरचं नाव वाचून हात मागे घ्यायला लागलं, नाहीतर दबक्या आवाजात विचारायचं, "जुना माल शिल्लक आहे का?" चित्रकला शाळेच्या बाईंनी तर मुलांना सांगून टाकलं की ही कंपनी आता विसरा. इतक्या वर्षांचं नाव, ते असं मातीत जाताना मला वाईट वाटायचं. भावोजी मात्र रोज संध्याकाळी दुकानात यायचे आणि आजाऱ्याची विचारपूस करावी तशा सुरात म्हणायचे, "आज काही तक्रार?" असली की त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. नसली की चहासुद्धा घेत नसत.

"हात लागतो रे," ते म्हणायचे. "हात काय खोक्यात भरून पाठवता येतो?"

शेवटी मालकांनी आम्हा दुकानदारांना बोलावलं. टेबलावर नाव नसलेल्या वाट्या मांडल्या होत्या. काहींत माझ्या दुकानातला जुना माल, काहींत तिकडचा. पारख भावोजींनी करायची. तिकडचा जो रंग नापास होईल तो परत इथे दळायचा आणि भावोजींना रोलरवर घ्यायचं, असं मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

लाल, पिवळा, पांढरा. तिकडचा प्रत्येक रंग त्यांनी क्षणात ओळखला आणि बाजूला सारला. मग निळ्याच्या दोन वाट्या आल्या. पहिलीची शेंडी त्यांनी पाहिली, ठीक म्हणाले. दुसरीत सुरी बुडवून वर उचलली आणि त्यांचा चेहराच उजळला.

"हा बघा," ते म्हणाले. "हा माझा."

कारखान्याच्या व्यवस्थापकाने वाटी उलटी केली. खाली तिकडचा शिक्का होता; नुसता ठीक म्हटलेला पहिला निळा भावोजींचा होता.

 मग व्यवस्थापकानेच खुलासा केला. बाकीच्या रंगांत भर घालायचा आणि हलकं तेल वापरायचा हुकूम इथूनच गेला होता, खर्च वाचावा म्हणून. निळ्याला तेवढा हात लावलेला नव्हता. म्हणजे जिथे त्या बाईला मोकळं सोडलं, तिथे ती भावोजींच्या पुढे गेली होती.

व्हिडिओ कॉल लावून तिला पडद्यावर बोलावलं. भावोजी दिसताच ती उठून उभी राहिली. निळा कसा करतेस, असं विचारल्यावर तिने दुभाष्यामार्फत सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. पूड आधी तेलात मुरू द्यायची, मग दळायला फारसं उरतच नाही, रंग मरत नाही.

"हे कुणी शिकवलं?" मालकांनी विचारलं.

तिने भावोजींकडे बोट दाखवलं. "यांनीच. मला सगळं यांनीच शिकवलं."

मालकांनी भावोजींचा हात हातात घेऊन हलवला. निळा तिच्याकडे राहिला, ठरल्याप्रमाणे बाकीचे रंग इथे परत येणार होते. भावोजींना त्यांचे रोलर मिळाले.

 घरी जाताना ते म्हणाले, "मी किल्ली खिशात टाकली ना, तेव्हा ती दारात उभी होती. तिने पाहिलं होतं. आणि तिने पाहिलं, हे मलाही माहीत होतं."

"आणि तरी तुमचं नाव घेतलं? चांगली बाई आहे की."

"तेच तर," ते म्हणाले. "तिचा हात चांगला आहे, ते मी कसंबसं गिळलं असतं. चारचौघांत तिने दोन शिव्या दिल्या असत्या तरी मी सुटलो असतो. एवढं मोठं मन माझं का नाही रे झालं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, आता तरी जळणं थांबेल. पण ते आता पहिल्यापेक्षा जास्त जळत होते, आणि ती आग विझवायला तिच्याविरुद्ध एकही तक्रार उरली नव्हती.