वाजवून घेतलेलं घर

नजीरभाई कल्हईवाल्यांचं घर माझ्यामुळे गेलं. म्हणजे अजून ते आलंही नव्हतं. येता येता गेलं. आणि माझ्या एका वाक्यामुळे गेलं, हे मी आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर पुढे कोणीतरी सांगेलच.

झालं असं. भद्रकालीच्या देवळामागच्या बोळात खंडेरावांचं दोन खोल्यांचं कौलारू घर विकायला होतं. मागे लहानसं अंगण. नजीरभाई ते घ्यायच्या विचारात होते आणि कागद वाचायला म्हणून मला, म्हणजे शेजारच्या शाळामास्तराला, बरोबर घेऊन गेले. कागद ठीक होते. ते वाचून झाल्यावर नजीरभाई उठले आणि सवयीप्रमाणे भिंती वाजवत निघाले. डोळे मिटलेले, बोटाचं पेर भिंतीवर, टक टक. मधल्या दाराशेजारी थांबले. तीनदा वाजवलं. जरा खाली, पुन्हा तीनदा.

"काय झालं?" खंडेरावांनी विचारलं.

"पोकळ आहे इथे."

या ठिकाणी कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "मोहरांचा हंडा असेल. खंडेराव, आधी बघून घ्या, मग विका."

मी हसलो. एकटाच हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, घर विकायचं नाही.

चौक मंडईच्या आसपास ज्यांच्या घरी पितळेचं पातेलं होतं, त्यांना नजीरभाईंची ओळख करून द्यायला नको. पहाटे ते भाता लावून बसत. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकत, पांढऱ्या धुराचा लोट उठे, त्यात ते दिसेनासे होत आणि बाहेर येत तेव्हा हातातलं भांडं आरशासारखं झालेलं असे. पण त्यांची खरी विद्या कानात होती. भांडं हातात आलं की पेराने वाजवायचं आणि सांगायचं, "बुडाला चीर आहे." बाई म्हणायची, कुठेय चीर, दिसत तर नाही. नजीरभाई वाद घालत नसत. पाणी भरून ठेवत. घटकाभराने बाई स्वतःच फडकं आणायला उठे.

या धंद्यात दोष एकच होता, तो धूर. भाड्याच्या जागेत घरमालक पहिली दोन वर्षं धुराचं कौतुक करत, डास जातात म्हणत. तिसऱ्या वर्षी त्यांना खोकला होई. चौथ्या वर्षी जागा सोडावी लागे. आता नजीरभाईंच्या बायकोचा, जैतुनबीचा, एक नेम होता. ज्या घरात जाईल तिथे आधी लिंबाचं रोप लावायचं, मग चूल मांडायची. लिंबाला फळ धरायला चार वर्षं लागतात. त्यामुळे एकोणीस वर्षांत जैतुनबीने पाच लिंबं वाढवली आणि पाचही लिंबांचं लोणचं घरमालकांनी खाल्लं.

सहावं रोप तिने जमिनीत लावायला साफ नकार दिला. ते तिने राकेलच्या डब्यात लावलं आणि सांगितलं, "हे आता आपल्याच जमिनीत जाईल." दोन वर्षं झाली. रोप छातीला लागलं, डब्याचं बूड फोडून मुळं बाहेर आली. पानं पिवळी पडायला लागली. या मिरगाच्या आत जमीन मिळाली नाही तर रोप जात होतं, आणि रोप गेलं तर नजीरभाईंची घरात काय किंमत उरणार, हे त्यांना न वाजवता कळत होतं.

तसा काळ घर घेणाऱ्याचा होता. तेहतीस साल. बाजरीला भाव नाही म्हणून शेतकरी गप्प, शेतकरी गप्प म्हणून पेठेत शुकशुकाट. ज्याच्याकडे दोन घरं त्याला एक विकायचं होतं आणि घेणारा कोणी नव्हता. नव्या भांड्यांनाही गिऱ्हाईक नव्हतं. जो तो जुनंच उजळून वापरायचा. त्यामुळे सगळ्या पेठेत हातात चार पैसे खेळणारा माणूस म्हणजे कल्हईवाला. नजीरभाई घर बघताहेत म्हटल्यावर त्यांना पाटावर बसवून चहा मिळू लागला. ज्याचं घर सहा महिने पडून होतं तो चहा देई, ज्याचं वर्षभर पडून होतं तो भजीही देई. नजीरभाईंनी बावीस घरं वाजवली. "ही भिंत ओली आहे." "या तुळईला कीड आहे." घरमालकांची तोंडं उतरत. आणि तेविसावं खंडेरावांचं. एवढी एक जागा पोकळ सोडली तर खणखणीत. सातशे मागितले होते, सहाशेवर गाडी आली होती, शुक्रवारी विसार द्यायचा होता. आणि बुधवारी मी हसलो.

निरोप ऐकून नजीरभाई स्वतः खंडेरावांकडे गेले. म्हणाले, "मालक, जुना कोनाडा बुजवलेला असेल. बाकी काही नाही. पोकळ म्हणजे पोकळ."

खंडेराव मिशीत हसले. "कल्हईवाले, तुम्ही रिकाम्या भिंतीवर सहा वेळा बोट आपटाल काय? मला येडा समजू नका."

त्या सहा टकटकींचा असा अर्थ निघाल्यावर नजीरभाई चपला घालून परत आले.

खंडेरावांनी भिंत फोडली. आत कोनाडाच निघाला. त्यात एक फुटकी पणती आणि उंदराने जमवलेल्या चिंध्या. दुसऱ्या कोणी तिथेच थांबलं असतं. खंडेरावांनी पेठ गावाहून कोंडाजी नावाचा पायाळू माणूस आणला. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, अशी समजूत. कोंडाजी जन्माला कसा आला कोण जाणे, पण जेवायला वेळेवर यायचा. रोज दुपारी पुरणपोळी झाली की डोळ्यांत अंजन घालून घ्यायचा आणि बोट दाखवायचा. "लय खोल हाय. पर हाय." दुसऱ्या दिवशी दुसरीकडे बोट. पोळी कमी पडली त्या दिवशी त्याला काहीच दिसलं नाही.

इकडे माझी अवस्था वाईट होती. जैतुनबी माझ्याशी थेट कधीच बोलत नसे, पडद्याआडून बोले. आता ती लिंबाशी बोलायची, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. "पी बाबा पाणी. शिकलेल्या माणसांनी तुझं घर घालवलं. शिकलेल्यांचा राग नाही करायचा, त्यांना अक्कल पुस्तकात ठेवावी लागते." आमची भांडी कल्हई न करताच परत आली. आमच्या घरी ताक कळकलं, आमटी कळकली, आणि आमच्या मंडळींनी तीच आमटी मला वाढली. "घ्या. मोहरांच्या हंड्यातली आहे," म्हणाल्या.

नजीरभाई मात्र मला काही बोलले नाहीत. रोज संध्याकाळी ते त्या बोळातून एक चक्कर मारायचे. दारातून आत बघायचे, भिंतीला आज कुठे भोक पडलं ते मनात टिपायचे आणि जखमी माणसाला बघून आल्यासारखे परत यायचे. एकदा मी म्हणालो, दुसरं घर बघू या. म्हणाले, "मास्तर, खणखणीत होतं हो ते." आणि भात्याने हवा घालू लागले.

महिना गेला. अकरा भोकं झाली. कोंडाजीने शेवटी मागच्या अंगणात बोट दाखवलं. तिथे कमरेइतका खड्डा झाला, खाली काळी माती लागली, आणि त्या रात्री कोंडाजीला घरची आठवण येऊन तो पेठला निघून गेला.

मग खंडेराव नजीरभाईंकडे आले. म्हणाले, "काय द्यायचं ते द्या. त्या घराकडं आता कोणी वळूनबी बघत नाय."

नजीरभाई पुन्हा एकदा ते घर बघायला गेले. मलाही नेलं, पण वाटेत सांगितलं, "तोंड मिटून." त्यांनी प्रत्येक भिंत वाजवली. भोकांभोवती हळूच वाजवली. मग म्हणाले, "साडेचारशे. भिंती चांगल्या आहेत, मालक. मी तेव्हाही सांगितलं होतं." खंडेरावांनी मान डोलावली. विसार त्याच जागी दिला. नजीरभाईंनी एक अट मात्र खंडेरावांना नाही, मला घातली: भोकं मी बुजवायची.

मिरगाला चार दिवस होते. मी मातीत भुसा कालवत होतो, कोपरापर्यंत चिखल. मागच्या अंगणात जैतुनबीने डबा कापला आणि ते रोप कोंडाजीच्या खड्ड्यात उभं केलं. खड्डा अगदी बेताचा होता. तिने स्वतःच्या हाताने माती लोटली आणि एकदा घराकडे, एकदा झाडाकडे बघून लिंबालाच म्हणाली, "आता चार वर्षांनी लोणचं आपण खायचं. मास्तरांनाही देऊ एक फोड."

माझी माफी झाली होती. माणसाला माफी मिळाली की लगेच हिशेब सुचतो. दाराशेजारचा पहिला कोनाडा लिंपून मी हात झटकले आणि म्हणालो, "नजीरभाई, खरं सांगा. मी तेव्हा बोललो नसतो तर सहाशे गेले असते. दीडशे वाचले, वर खड्डा आयता मिळाला. माझं काम तसं चांगलंच झालं की."

नजीरभाई जवळ आले. डोळे मिटून त्यांनी माझ्या ओल्या लिंपणावर पेर आपटलं. तीनदा. जरा खाली, पुन्हा तीनदा.

"पोकळ आहे मास्तर, काढा आणि परत भरा."