तीन हिसके

मी सुतळीला एक हिसका दिला. खालून जवाब आला नाही. पुन्हा दिला. काहीच नाही.

विहिरीची एक बाजू खचली होती. खाली नवरा आणि धाकटा दीर खोदत होते. धुरळ्यात तळ दिसत नव्हता. कोणीतरी ओरडत होतं, पण शब्द कळत नव्हता. दिराची सुतळी जावेच्या हातात होती. तिला लगेच दोन हिसके आले. "मह्या सुतळीले जवाब आला, बाई," ती म्हणाली आणि रडायला लागली.

सुतळीची युक्ती सासूबाईंची. वडनेर भोलजीजवळच्या शेतात आम्ही ही विहीर खणली तेव्हा महाराष्ट्र नवाच होता. विहिरीत आवाज घुमतो. खालून "ओढा" म्हटलं की वर "सोडा" ऐकू यायचं. एकदा दगडांची टोपली अशीच परत खाली गेली. त्यात आम्ही जावा नवऱ्याचं नाव घेत नव्हतो. मी "अहो" म्हटलं की नवरा, दीर आणि काठावरचे सासरे, तिघंही "हाव" म्हणायचे. मग सासूबाईंनी ठरवलं, जो उतरेल त्याच्या मनगटाला नवी सुतळी, वरचं टोक त्याच्या बायकोच्या हातात. एक हिसका म्हणजे विचारणं, दोन म्हणजे ठीक आहे. माणूस वर आला की सुतळी सोडून टाकायची, दुसऱ्याला बांधायची नाही.

काम सुरू करण्याआधी तपासून बघायचो. मी एक हिसका द्यायची, नवरा तीन द्यायचा. तीन म्हणजे चहा.

"चाय मांगू नको बे," सासूबाई ओरडायच्या. "जिता हायेस का तेवढं सांग."

आम्ही इतक्या हसायचो की सुतळी हलायची आणि खालून दीर म्हणायचा, "आता काय इचारून राह्यल्या?"

बाजू खचली त्या दिवशी सासूबाई माझ्याकडे वळल्या. "नाव घे त्याचं. काऊन लाजून राह्यली वं?"

लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते तेव्हाच घेतलं, विहिरीत वाकून, मोठ्यांदा.

हाताला हिसका बसला. मग दुसरा. मग तिसरा.

"मेल्याले चाय पाह्यजे," सासूबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

त्याचा सुतळीचा हात मातीत दबला होता. दिरानं उकरून मोकळा केला, तेव्हा कुठे हिसके आले. सासऱ्यांनी दोर खाली सोडून दोघांना वर घेतलं. मी गुळाचा चहा केला. नवरा पीत पीत म्हणाला, "पुन्यांदा घे नं नाव."

मी घेतलं नाही.

त्या दिवशी विहिरीत दोघं होते. दोघंही वाचले.