मजुरी धरलीच नाही

पक्काभाऊ हे नाव त्याला पडलं ते त्याच्या एस्टिमेटमुळे. रंगारी काय, गल्लोगल्ली पडलेत. पण खोलीत शिरायचं, हात पाठीमागे बांधून एक चक्कर मारायची आणि "सहा दिवस, दोन माणसं, बारा लिटर. पक्का!" म्हणायचं, आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी खरंच शिडी उचलून निघायचं, असा हा एकच. माल धरायचा, मजुरी धरायची, ओल दिसली तर तोंडावर सांगायची. गिऱ्हाईक गेलं तर गेलं खड्ड्यात. एस्टिमेटमध्ये तो कधी खोटं बोलला नाही.

बाकी सगळीकडे बोलायचा की! अंगात ताप असला तरी "छे, काही नाही." दाढ ठणकून गाल भोपळ्याएवढा झाला तरी "काही नाही." त्याची बायको बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढायची. ती वैतागून म्हणायची, "अहो, उद्या हाडं मोडून पडलात तरी तुम्ही काही नाहीच म्हणाल!" बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात ना, तसं झालं. ते वाक्य आठवून ती बाई पुढे किती रडली असेल.

त्या दिवशी तो "साडेपाचला येतो, पक्का" असं सांगून गेला होता. काम उंच इमारतीचं होतं, गच्चीवरून दोरांनी खाली सोडलेल्या फळीवर उभं राहून करायचं. कंत्राटदाराने झिजलेला दोर बदलायचा सोडून गाठ मारून वापरला. मेल्याने चार पैसे वाचवले, आणि पक्काभाऊ तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. जीव वाचला. पण मणका मोडला, आतला मज्जारज्जू दुखावला, आणि कमरेखाली त्याला काही कळेनासं झालं.

बायकोने बेकरी सोडली. दोन वर्षं तीच त्याला उचलत होती, धूत होती, कुशीवर वळवत होती. आता तिचीच पाठ धरायला लागली होती. नुकसानभरपाईचा दावा चालू होता. त्यांच्या वकीलबाईंनी नीट समजावलं होतं, "झालं त्याची भरपाई तर मिळेलच, पण खरा प्रश्न पुढच्या आयुष्याचा. मदतीला पगारी माणूस, चांगली खुर्ची, दाराला उतार, हे मिळणं सगळं त्यांच्या जबाबावर आहे." म्हणजे जबाब नीट झाला तर ही बाई सुटणार, नाहीतर तिचीही पाठ जाणार, इतकं सरळ होतं.

आणि आमचे पक्काभाऊ! जबाबाच्या दिवशी कोर्टात कंत्राटदाराच्या विमा कंपनीचा वकील अगदी साखर पेरत बोलला.

"दाढी स्वतः करता?"

"करतो."

"जेवता?"

"म्हणजे काय!"

"मग त्रास असा काय आहे?"

"काही नाही. ठीक आहे सगळं."

बायकोने कपाळावर हात मारला. बाहेर आल्यावर तिचा तोल गेला. "ठीक आहे? मग रोज सकाळी तुम्हाला उचलते ती कोण, शेजारीण?"

तो खाली मान घालून पुटपुटला, "अगं, चार परक्या माणसांपुढे रडगाणं कसं गायचं?"

वकीलबाईंनी हताश होऊन विचारलं, "हे कधीच खरं बोलत नाहीत का हो?"

"बोलतात ना. एस्टिमेट देताना," बायको फणकारली.

वकीलबाई चालता चालता थांबल्या.

पुढच्या तारखेला त्यांनी आणखी दोन-तीन प्रश्नांची परवानगी मागितली आणि पक्काभाऊला म्हणाल्या, "साहेबांच्या मागची भिंत बघा. एस्टिमेट द्या."

समोरचा वकील ताडकन उठला. पण न्यायाधीशांनी मागे वळून त्या पोपडे सुटलेल्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "द्या, द्या."

"तीन दिवस, एक माणूस," पक्काभाऊ लगेच म्हणाला. "पण आत नळ गळतोय साहेब. आधी तो बघा, नाहीतर रंग फुकट."

"आता तुमच्या एका दिवसाचं द्या," वकीलबाई म्हणाल्या. "तसंच. पक्कं."

त्याने स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग हळूहळू, भिंत मोजावी तसा बोलू लागला. "खुर्चीत घ्यायला एक माणूस. आंघोळ, कपडे, दोन तास. लघवीची नळी दर चार तासांनी. पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्रीतून तीनदा कूस बदलायची, म्हणजे दोघांचीही झोप गेली. दाढी मी करतो, पण पाणी आणि आरसा ती आणते. सुट्टी नाही. मुदत... जन्मभर."

"आणि मजुरी किती धरलीत?"

त्याने बाकावर बसलेल्या बायकोकडे बघितलं.

"धरलीच नाही," तो म्हणाला. "पंचवीस वर्षांत मजुरी सोडून एस्टिमेट दिलं नव्हतं, साहेब. मागच्या तारखेला दिलं ते चुकलं. खोडा ते."

बायको पदरात तोंड लपवून रडली. समोरच्या वकिलाने फाईल मिटली.

निकाल लागला तेव्हा पगारी मदतनीस जन्मभरासाठी मंजूर झाला होता. खुर्ची आली, दाराला उतार झाला. कंपनीने वरच्या कोर्टात जायची धमकी दिली आणि मग गप्प बसली. पक्काभाऊ आता घरबसल्या फोनवर भिंती बघून एस्टिमेट देतो आणि दंडाने मजबूत असलेल्या त्या मदतनीसाशी दिवसभर वाद घालतो. कोर्टातला नळ मात्र अजून गळतोय म्हणे.

बायको बेकरीत परत जायला निघाली त्या सकाळी तीच दारात घुटमळली. फुलं जमतील का, हात वळेल का.

"जा गं," तो म्हणाला. "कधी येशील?"

"साडेपाचला."

"पक्का?"

तो शब्द त्या दोघांत अपघातानंतर पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. तिने चपला पायात सरकवल्या.

"पक्का."

दुपारभर त्याने घड्याळावरून नजर काढली नाही. मदतनीसाने विचारलं तेव्हा "काही नाही" म्हणाला, आणि मग स्वतःच म्हणाला, "नाही रे, कशातच जीव लागत नाहीये."

साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना तिच्या चपला दाराशी वाजल्या.