शेजारचं बाळ

उमरखेडकडे हळद शिजायला लागली की तो उग्र वास घरभर होतो आणि मला ती दुपार आठवते. लेकुरवाळ्या बायकांना घरबसल्या काम मिळवून देणाऱ्या एका ॲपवर मी नाव नोंदवलं होतं आणि फोनवरच मुलाखत होती. मुलीला शेजारी नेऊन सोडलं, तुरीच्या डाळीच्या डब्याला फोन टेकवला आणि ठेवणीतली साडी नेसून समोर बसले. पडद्यावरच्या मॅडम बोलायला गोड होत्या, फक्त एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, कामाच्या वेळेत मुलाचा आवाज आलेला चालणार नाही. मी मान डोलावली आणि नेमकं तेव्हाच त्यांच्याच पाठीमागे एक तान्हं बाळ रडायला लागलं. मॅडमचा चेहरा उतरला. त्या ओशाळल्या तर काम हातचं जाईल या धास्तीनं मी पटकन म्हणाले, "माफ करा मॅडम, आमच्या शेजारचं आहे." त्या हळूच म्हणाल्या, "खिडकी लावून घ्या." मी उठले आणि खरंच खिडकी लावली. फोनमधलं बाळ रडतच होतं. दारात उभ्या सासूबाई म्हणाल्या, "लेकरू तिचं रडून राह्यलं, अन् खिडकी तू कायले लावून राह्यली वं?" मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. काम मिळालं. आता मी हेडफोन चढवला की माझी मुलगी न सांगता उठून खिडकी लावते आणि खोकला आलाच तर उशीत तोंड खुपसून खोकते.