आप्पांच्या तोंडी सरांचा आवाज

बापूसर गेल्याचं आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कळलं तेव्हा मी कुणाच्या तरी साखरपुड्याचा व्हिडिओ एडिट करत होते. बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. मी काहीच टाकलं नाही. काम पुरं केलं, चहा केला, आणि मग एकदम संताप आला... रडू यायच्याही आधी. याला आता महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण सरांबद्दल नुसतं गोड लिहिलं तर ते खोटं होईल, आणि माझा त्यांच्यावरचा राग खोट्याबद्दलच आहे.

विद्यापीठात ते आम्हाला माहितीपट शिकवायचे. मूळचे गगनबावड्याकडचे. शिकत असताना वर्गात ‘हाय-न्हाय’ केलं म्हणून आपलं कसं हसं झालं, ते रंगवून सांगायचे. मी कुरुंदवाडची. पहिल्या दिवशी अगदी जपून, पुस्तकी बोलत होते. सर म्हणाले, “काय गं, घरात पण अशीच बोलतीस व्हय? आई जेवायला वाढायची न्हाय तुला!” वर्ग हसला आणि माझी भीड मोडली ती कायमची. त्यांची एक पद्धत होती. कुणाचं बोलणं रेकॉर्ड केलं की निघण्यापूर्वी त्याच माणसाच्या कानाला हेडफोन लावून त्याला ते ऐकवायचे. “पटतंय न्हवं? न्हाय पटलं तर पुसतो.” माणसाचं बोलणं त्याच्या मालकीचं, आपण नुसते हमाल, हे त्यांनी आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं.

शेवटच्या वर्षी आम्ही महापुरावर फिल्म केली. तीत माझे वडील होते, आप्पा. पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा त्यांनी म्हशी कशा मोकळ्या सोडल्या, हे त्यांनी रिकाम्या गोठ्यात उभं राहून सांगितलं. “दावं कापलं आन म्हणलं, जावा बायांनो, जगलासा तर भेटू...” सरांनी हेडफोन लावला. स्वतःचा आवाज ऐकून आप्पा चक्क लाजले. “पटतंय की,” म्हणाले.

शेवटचं संकलन सरांनी एकट्यानं केलं. पहिला खेळ विद्यापीठाच्या सभागृहात होता. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून सगळी भावकी घेऊन आले. पडद्यावर ते दिसले, ओठ हलले, आणि आवाज आला तो सरांचा. “मी दोर कापला आणि म्हणालो, जा, जिवंत राहिलात तर पुन्हा भेटू.” चुलते मोठ्यानं म्हणाले, “आरं, ह्यो कोन बोलतोय?” आजूबाजूला हशा पिकला. आप्पा खाली मान घालून बसले ते शेवटपर्यंत. बाहेर आल्यावर मी सरांना गाठलं. “जिल्ह्याबाहेरच्या महोत्सवात पाठवायचीय गं. परीक्षकांना आपली बोली कळायला नको?” पडद्यावर खाली अर्थाच्या ओळी टाकता आल्या असत्या, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मूळ आवाज मागितला तर म्हणाले, “जपून ठेवलाय. देतो की.”

फिल्मला बक्षीस मिळालं. पेपरात सरांचा फोटो आला. त्यानंतर घरात कुणी आप्पांसमोर मोबाईल धरला की ते हात आडवा करायचे. “माजं काय काढतासा? बोलायला दुसरा मानूस हाय की.” मी दर दिवाळीला सरांना फोन करायचे, आवाज मागायचे. दर वेळी तेच, “देतो की.”

मग आप्पा गेले. दिवस झाल्यावर मी थेट विभागात जाऊन सरांसमोर बसले. ते खिडकीकडे बघत म्हणाले, “न्हाय गं ते आता. रेकॉर्डिंगची कार्डं पुसून पुढच्या बॅचला दिली. तवाच.” तवाच! म्हणजे इतकी वर्षं... पुसण्याआधी विचारणारा माणूस न विचारता पुसून मोकळा झाला होता, आणि वर मला आशेला लावून ठेवलं होतं. कार्डं कमी पडली, हे मी समजून घेतलं असतं. ते ‘देतो की’ मला आजही गिळता येत नाही. मी उठून आले. पुढे सर आजारी असल्याचं कळलं, तरी गेले नाही. ज्या कामावर माझं पोट चालतं ते त्यांनीच शिकवलं, हे मला रोज आठवतं, आणि रोज जास्तच राग येतो.

मागच्या आठवड्यात कुरुंदवाडला गेले होते. सरांना श्रद्धांजली म्हणून ग्रुपवर कुणीतरी तीच फिल्म टाकली होती. आई म्हणाली, “लाव, बघूया.” सरांचा आवाज सुरू होताच तिनं तोंड फिरवलं. “बंद कर त्यो आवाज. काय म्हणत्यात ते मी सांगतो की.” मी आवाज बंद केला. आईनं आप्पांच्या ओठांकडे बघत दावं कापलं, म्हशींना वाटेला लावलं, अगदी आप्पांच्या ठसक्यात. मी डोळे पुसत ऐकत होते. मग आई अडखळली. पडद्यावर आप्पा बोलतच होते, नदीकडे हात करून काहीतरी सांगत होते.

“हितनं फुडं काय म्हणलं गं?”

मलाही आठवेना.

“लाव,” आई म्हणाली. “सरांचाच लाव.”

मी आवाज वाढवला.