राखाडी शर्टाची बाही

आमच्या शेजाऱ्यांना ‘नाकोबा’ हे नाव कारखान्यातल्या माणसांनी ठेवलं होतं, आणि त्यांनी ते आनंदानं मिरवलं. बिअरच्या एका लहानशा कारखान्यात पंचवीस वर्षं त्यांनी चव पारखण्याचं काम केलं. पुढे ते निवृत्त झाले, त्यांची मुलगी तिथंच बिअर बनवू लागली, तरी हंगामी बिअर नाकोबांच्या नाकाखालून गेल्याशिवाय बाटलीत जात नसे. त्यांचे शब्द दोनच. पसंत पडली तर ‘भरा’, नाही तर ‘ओता’, म्हणजे मोरीत.

त्यांची एक रीत होती. ग्लास आधी दोन्ही तळव्यांत धरून जरा कोमट करायचा, कारण थंडगार बिअर आपले दोष लपवते. मग वास, मग घोट. आणि दोन ग्लासांच्या मध्ये स्वतःच्या कोपराच्या खळगीत नाक खुपसून एक लांब श्वास घ्यायचा. “पाटी पुसून घेतो, मास्तर,” ते मला म्हणत.

चव पारखायच्या दिवशी अंगात कायम तोच राखाडी, लांब बाह्यांचा शर्ट. त्यावरून बायकोची थट्टा ठरलेली. “बघा, हिनं धुतलेल्या शर्टाला साबणाचा वाससुद्धा नाही. एवढी चिक्कू बाई!”

“घरात एक उधळ्या असल्यावर दुसऱ्यानं चिक्कू व्हायला नको?” वहिनी हसून म्हणत.

वहिनी उन्हाळ्यात गेल्या. नाकोबांचं बोलणं कमी झालं. पानगळ सुरू झाली तेव्हा मुलगी बोलवायला आली. पानगळीची बिअर या वर्षी पहिल्यांदाच तिनं सर्वस्वी स्वतःच्या मनानं केली होती. बार्ली थोडी जास्त भाजलेली, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं, रंग काळ्या चहासारखा. मोठी टाकी भरून बिअर तयार होती, आणि बापाचा शब्द व्हायचा होता.

“मास्तर, तुम्हीही चला,” नाकोबा म्हणाले. “एकट्याला नको वाटतं.”

टाक्यांच्या खोलीत नेहमीचं लाकडी टेबल मांडलेलं होतं. टाक्या सांभाळणाऱ्या टाकीवाल्यानं पहिला ग्लास भरून दिला. नाकोबांनी कोपरात नाक खुपसलं, ग्लास तळव्यांत धरला, हुंगला, घोट घेतला. पुन्हा कोपर, पुन्हा ग्लास. तिसऱ्यांदाही तसंच केलं. मुलगी हाताची घडी घालून उभी होती. तिची बोटं दंडात रुतली होती.

“अत्तराचा वास येतोय,” ते म्हणाले.

“हॉप्सच्या फुलांचा असेल, बाबा.”

“हॉप्स मला शिकवतेस? हा गुलाबाचा आहे. टाकी धुताना काहीतरी राहिलंय.” मग अगदी हळू म्हणाले, “ओता.”

“काका, ओतायचीच असेल तर आधी आम्हाला आंघोळ तरी करू द्या,” टाकीवाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

मुलीनं कपाटातून एक बाटली काढून दुसऱ्या ग्लासात ओतली. नाकोबांनी कोपर हुंगलं, ग्लास हुंगला.

“हिच्यातही तोच वास. सगळीच बिघडली की!”

“बाबा, ही गेल्या वर्षीची आहे. तुम्हीच ‘भरा’ म्हटलेली.”

त्यांनी ग्लास खाली ठेवला. “म्हणजे माझं नाकच गेलं,” ते म्हणाले. “तिच्या मागोमाग तेही गेलं. पोरी, यापुढे मला विचारू नकोस.”

ती खुर्चीशेजारी खाली बसली आणि समजूत घालायला तिनं त्यांचा हात हातात घेतला. घेतला आणि थबकली. बाही नाकाशी नेऊन तिनं श्वास घेतला.

“हा शर्ट कुणी धुतला?”

“लॉन्ड्रीवाल्यानं. का?”

“गुलाब इथं आहे, बाबा. बाहीत.” ती रडत होती की हसत होती, कळेना. “आई हा शर्ट वेगळ्या बादलीत धुवायची. नुसत्या पाण्यात, चार-चार वेळा. मला वाटायचं, रंग जातो म्हणून.”

नाकोबा बाहीकडे बघत राहिले. इतकी वर्षं बिनवासाच्या त्या बाहीवर त्यांना कधी शंकाच आली नव्हती. “आणि मी चारचौघांत तिला चिक्कू म्हणत आलो,” ते म्हणाले. “एकदाही सांगितलं नाही गं तिनं.”

“सांगितलं असतं तर तुम्ही थट्टा कुणाची केली असती?” मी म्हटलं.

ते उठले. कोपऱ्यातल्या नळाखाली त्यांनी बाही धरली. त्यांच्या हाताला धुण्याची सवय नव्हती. पाणी टाकीवाल्याच्या बुटांवर उडालं. चार वेळा पिळून झाल्यावर मागच्या अंगणात रिकाम्या पिंपावर, हात उन्हात पसरून ते बसले. गळालेली पानं पायांशी येऊन थांबत होती. पाऊण तास आम्ही कुणी घाई केली नाही. मुलीनं मात्र दोनदा येऊन बाही चाचपली.

मग टेबलाशी येऊन त्यांनी नवा ग्लास तळव्यांत धरला. कोपर हुंगलं. वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले.

“बार्ली जरा जास्तच भाजलीस,” ते म्हणाले. “तुझ्या आईला आवडली असती. भरा.”

टाकीवाल्यानं टाळी वाजवली आणि मुलगी बाटल्यांकडे पळाली. नाकोबांनी ग्लास खाली ठेवला होता. पाटी पुसायचं आता काही कारण उरलं नव्हतं, तरी त्यांचं नाक पुन्हा बाहीतच होतं.