उथळ पाण्यासाठी मोटर

शुक्रवारी आम्ही इथे आखातात, सहम गावाजवळच्या खोरमध्ये होडी पाण्यात घातली. सव्वादहाला माझा भाऊ होडीतून पडला. तो उठून उभा राहिला. होडी वळून परत आली. साडेदहाला भाऊ गेला होता.

हे मी अनेकदा लिहून पाहिलं आहे. वाक्यं एवढीच होतात.

पाणी त्याच्या मांडीपर्यंत होतं. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेला, लहानपणी वडिलांबरोबर भर समुद्रात जाळी ओढलेला माणूस मांडीएवढ्या पाण्यात गेला. खोर म्हणजे समुद्राचं पाणी आत येऊन थांबतं ती जागा, आपल्याकडच्या लहानशा खाडीसारखी. तळाला गाळ, कडेला तिवरं, आणि थंडीत बदकं.

बदकांमुळेच सगळं सुरू झालं. भाऊ घाला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचं काम करायचा. पाण्याच्या टाक्या, ट्रॉल्या, खिडक्या. त्याच्या अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, सहमला शेत होतं. अर्बाबचे वडील एके काळी या खोरमध्ये बदकांची शिकार करत. एक दिवस अर्बाब भावाला म्हणाला, "मेरा बाबा इधर बंदूक लेके आता था. अभी बंदूक खलास, मना है. अभी कैमरा. तू समंदर का आदमी है, मेरे को बोट बना."

भावाने महिनाभर खपून सपाट तळाची होडी बनवली. अमेरिकेत बदकांचे शिकारी वापरतात तशी, वीतभर पाण्यातही तरंगणारी. मोटर आणि बाकीचं सामान निवडायचं काम त्याने माझ्यावर टाकलं. मी इथल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे. भाऊ सातवीपर्यंत शिकला होता आणि त्याच्या मते ग्रंथपालाला सगळं माहीत असतं.

दर शुक्रवारी तो आमच्या घरी, वादी अदाईला, जेवायला यायचा. सुरमई खाऊन झाली की हात पुसत म्हणायचा, "काय रे पंडित, पुस्तकात बघून सांग, बदकांक खयची मोटर आवाडता?"

मी खरोखरच वाचत होतो. आयुष्यात कधी गलोलही न धरलेला मी अमेरिकन शिकाऱ्यांच्या चर्चा वाचत बसायचो. कुठला पंखा शेवाळात अडकत नाही, कुठला दांडा किती लांब हवा, यावर ती माणसं पानंच्या पानं भांडत होती. मला मजा येत होती, हे कबूल करायला हवं. मी आधी विजेची मोटर सुचवली. आवाज नाही, पक्षी उडणार नाहीत. भावाने मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि माझ्या बायकोला हाक मारली.

"गो, हयसर ये. तुझ्या घोवान मिक्सर आणलो हा. मसालो वाटूक बरो."

मग मी दुसरी शोधली. लांब दांड्याची, वाऱ्याने थंड होणारी. दांड्याच्या टोकाला पंखा, आणि तो उचलून गाळावरूनही नेता येतो. भावाला ती आवडली. आमच्या गावच्या खाडीत असली एक असती तर, असं तो दोनदा म्हणाला. बाकीच्या सामानात मी लांब बांबू घेतला, हलका नांगर, गुडघ्याच्या वर येणारे बूट, तीन लाइफ जॅकेटं. बंदुकांचा स्टँड वगळला. यादी माझ्या अक्षरात होती.

मोटर आली तेव्हा तिच्याबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. आम्ही शाळेतल्या मुलांसारखे जमिनीवर बसलो, मी वाचत आणि तो ऐकत. पहिली काही पानं इशाऱ्यांची होती. मी पहिला इशारा वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्याला त्याने हात वर केला.

"पयली पाना मानसाक घाबरवूक लिवतत. ती सोड. इंजिन कसा चालू करूचा ता सांग."

"दादा, वाचतो ना. दहाच मिनिटं."

"होडी माका कळता, इंग्रजी तुका कळता. फुडचा वाच मगे."

मी पानं उलटली. मला स्वतःलाही कंटाळा आला होता.

पिशवीत एक लाल दोर होता, टेलिफोनच्या वायरसारखा गुंडाळलेला. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला पट्टा. चिमटा कुठे बसतो ते भावाने पाहून लगेच बसवला, कारण त्याशिवाय इंजिन चालूच होत नव्हतं. पट्टा हातात धरून तो म्हणाला, "आणि ह्या काय?"

"माहीत नाही. बांधायचं असेल कुठेतरी."

"पाण्यात पडात ह्या," तो म्हणाला आणि त्याने तो पट्टा होडीच्या फळीला दोन गाठी मारून बांधून टाकला. त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या वडिलांच्या होडीत सुटी वस्तू कधी नसायची. कोयता, पाणी उपसायचं भांडं, पिण्याच्या पाण्याचा कॅन, सगळं दोरीने होडीला बांधलेलं. बांधलं नाही तर आम्हाला फटका बसायचा. भावाने गाठ मारली तेव्हा मला वडिलांचे हात आठवले आणि बरं वाटलं.

त्या शुक्रवारी मी काठावर कॅमेरा घेऊन उभा होतो. अर्बाब गाडीत फोनवर बोलत होता. भावाने एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या वेळी गाळात काहीतरी लागलं, जुनं जाळं असेल. हँडल झटक्याने फिरलं आणि तो पाण्यात पडला. उठला तेव्हा तोंडभर चिखल होता. तो पुसत त्याने मला ओरडून सांगितलं, "फोटो काढलंस तर बघ हां!" मी हसत होतो. इंजिन चालूच होतं. होडी एकटी गोल फिरून त्याच्या पाठीमागून येत होती आणि मला वाटलं, बरं झालं, होडी आपणहून परत येते आहे.

मी त्याला हाक मारली नाही. त्याच्या पाठीमागे काय आहे ते मला दिसत होतं आणि मी हाक मारली नाही. मला ते वाईट आहे हे कळलंच नव्हतं.

दुपारी पोलीस अधिकाऱ्याने शांतपणे प्रश्न विचारले. नाव, वय, नातं. मग त्याने विचारलं, "दोर त्याच्या मनगटाला होता का?" मी विचारलं, कुठला दोर. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि समजावून सांगितलं. पट्टा चालवणाऱ्याच्या हाताला असतो. माणूस पडला की चिमटा ओढला जातो आणि इंजिन त्याच क्षणी बंद पडतं. त्यासाठीच तो असतो. मी म्हणालो, तो होडीला बांधला होता. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं.

घरी येऊन मी पुस्तिका उघडली. तिसराच इशारा होता. चित्रासकट.

भावाला घेऊन मी गावी गेलो. वहिनीला मी सांगितलं, दादा होडीतून पडला आणि मोटरच्या पंख्याचं लागलं. खोटं नव्हतं. तेराव्याला अंगणात जेवणाची पानं मांडताना एक चुलता दुसऱ्याला म्हणाला, "मांडयेइतक्या पाण्यात? घेतलली असतली." दुसऱ्याने मान हलवली. भाऊ पूर्वी प्यायचा, गावाला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी सोडली होती, तेही माहीत होतं, पण पहिलं जास्त लक्षात राहिलं होतं. मी हातात पत्रावळी घेऊन उभा होतो. त्या दिवशी त्याने माझ्या बायकोने थर्मासमध्ये दिलेला चहा घेतला होता, दुसरं काही नाही. एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं का? त्यांनी विचारलं असतं, मग पडला कसा, मग उठला तर गेला कसा. आणि मला दोरापर्यंत यावं लागलं असतं. मी पत्रावळी मांडल्या.

दोन महिन्यांनी, एका संध्याकाळी वहिनीचा फोन आला. त्यांच्या मुलीला वर्गात कोणीतरी विचारलं होतं, तुझे बाबा दारू पिऊन बुडाले ना. ती शाळेतून घरी आली होती आणि दुसऱ्या दिवशी गेली नव्हती.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुमी थंय होतास. माका खरा सांगा. पिलले होते काय?"

"नाही."

"मग?"

मी सांगितलं. पुस्तिका, सोडलेली पानं, फळीला मारलेल्या गाठी, मी न मारलेली हाक. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मागे कोणाच्या तरी घरची कोंबडी ओरडत होती, ती मला सबंध वेळ ऐकू येत होती.

"म्हंजे तुमच्याकडे ता लिवलला होता," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तुमी वाचूक नाय."

"दादानेच सोड म्हटलं," असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी बोललो नाही. गेलेल्या माणसावर आता मी तेही टाकणार होतो, याचा मला धक्का बसला.

वहिनींनी पोलिसांचा कागद मागितला. मी त्याचं मराठी भाषांतर करून पाठवलं. या वेळी एकही ओळ सोडली नाही. त्यांनी तो दोन्ही चुलत्यांना वाचायला लावला आणि मग शाळेत जाऊन मुलीच्या बाईंना दाखवला.

गावात आता भावाला कोणी दारुडा म्हणत नाही. मुलगी शाळेत जाते. वहिनी फोन करतात, माझ्या बायकोशी बोलतात आणि ठेवतात.